लमीनचा समुद्र

आमच्या स्फाक्स गावच्या बाजारात अजूनही काही लोक मला बघून पलीकडच्या बाजूला जातात. जाऊ देत बापडे. माझ्या अब्रूचं खोबरं होऊन बरीच वर्षं झाली, आता त्यात आणखी किसण्यासारखं काही उरलं नाही. पण झालं काय होतं ते मी एकदा माझ्या तोंडाने सांगणार आहे. बाकी सगळ्यांनी आपापल्या तोंडाने ते सांगून झालंय.

आमचं वाचनमंडळ म्हणजे चारच डोकी. मी रादिया, मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तोंडाने फटकळ, लग्न न केलेली. बेस्मा सरकारी दवाखान्यातली सुईण, कुठल्याही गोष्टीत लग्न लावून मोकळी होणारी. लमीन बंदरावरच्या हवामान कचेरीत वारा नि लाटा मोजायचा; चार वाक्यं बोलायला लावली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आणि चौथे सी शाद्ली; ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. त्यांच्याच चष्म्याच्या दुकानात आम्ही शनिवारी दुपारी जमायचो. ते शटर अर्ध्यावर ओढायचे, आम्ही वाकून आत शिरायचो. आतल्या खोलीत डोळे तपासायचा तक्ता, चहाची शेगडी आणि चार खुर्च्या.

सी शाद्ली म्हणजे माझ्यासाठी काय होते, ते आधी सांगते. मी दुसरीत असताना मला पहिला चष्मा त्यांनी दिला, आणि अक्षरं दिसायला लागल्यावर पहिली कादंबरीही त्यांनीच. वडील माझे लवकर गेले. बाप कसा असतो ते मला सी शाद्लींवरून कळलं, असं मी जो भेटेल त्याला सांगायचे. ते मला ‘बिंती’ म्हणायचे. माझी लेक.

आम्ही वाचायचो ते सगळं उद्या-परवाचं, दुसऱ्या ग्रहावरचं, कधीच न घडलेलं. गावातल्या दुकानांत असलं काही धड मिळायचं नाही. सी शाद्लींकडे मात्र कोरी करकरीत पुस्तकं यायची. बैरूतची, कैरोची, कधी आमच्याच राजधानीची, तुनिसची, शाईचा वास न गेलेली. “भाचा घाऊक व्यापारात आहे,” ते म्हणायचे. “पान दुमडायचं नाही, पेन्सिल लावायची नाही, आणि बेस्मा, हरिसाच्या तिखटाचे हात धुऊन ये. पुस्तक परत जायचंय.” आम्हाला वाटायचं, चष्मेवाला आहे, काचेवर डाग सहन होत नाही तसा पानावरही होत नसेल.

वाचून झालं की मतं. आणि मतांच्या शेवटी आमचा खास खेळ, ‘हे कुणाचं?’ कादंबरीतला राक्षस कुणाचा, कोसळणारा मनोरा कुणाचा, परग्रहावरचा राजा खरा कोण. नाव कोणी घ्यायचं नाही. भिंतीवर टांगलेल्या फोटोतल्या, देशाच्या प्रमुखाला आम्ही ‘घरमालक’ म्हणायचो. तो फोटो तेव्हा प्रत्येक दुकानात लागायचाच, आमच्याही डोक्यावर होता. खेळ सुरू झाला की बेस्मा उठून रेडिओ मोठा करायची. खरं सांगते, आठवडाभर मी त्या अर्ध्या तासासाठी जगायचे.

एकदा चंद्रावरच्या खाणीची कादंबरी होती. मजुरांना श्वास मापून देणारा एक मुकादम होता त्यात.

“मला आवडली नाही,” बेस्मा म्हणाली. “एवढी मोठी खाण आणि एक लग्न नाही.”

“श्वास मापून मिळतोय, लग्न कसलं करतेस?” मी म्हटलं. “अगं, तो मुकादम कोण, कळलं का? श्वास जास्त घेतला म्हणून नाव लिहून घेणारा? आपल्या चौकातला चहावाला आठव. कोण किती वेळ बसलं, कुणाशी बोललं...”

“अरे देवा!” बेस्माने तोंडावर हात घेतला.

“हिची नजर बघा,” सी शाद्ली म्हणाले. माझ्यापुढे बदामाची वडी सरकवली. “चष्मा मी दिला, पण नजर हिची स्वतःची.”

मी फुगले. का नाही फुगणार? ती कादंबरी पुढे कुठल्याच दुकानात दिसली नाही. त्याआधीच्या महिन्यात आम्ही एक आठशे पानी वाचली होती, नुसती यानांच्या स्क्रूंची वर्णनं. हे कुणाचं म्हणून कितीही खरवडलं तरी त्यातून काही निघालं नाही. ती मात्र गावभर काचेच्या कपाटांत रचून ठेवलेली. “लोकांची आवडच मेली,” असं म्हणून आम्ही गळे काढायचो.

तर लमीन. हा मुखदुर्बळ प्राणी आठ-दहा वर्षं गुपचूप कादंबरी लिहीत होता. एका शनिवारी त्याने टाईप केलेली पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “छापून झालीय. प्रती तुनिसच्या वरच्या कचेरीत दिल्यात. पोच आली की बाहेर येईल.”

आमच्याकडे पुस्तकाला ‘नाही’ असं कोणी म्हणायचंच नाही. छापायचं, कचेरीत प्रती द्यायच्या आणि पोच मिळायची वाट बघायची. मिळाली तर पुस्तक दुकानात. नाही मिळाली तर गठ्ठे छापखान्यातच. विचारायला गेलात तर ‘अजून आली नाही’ एवढंच उत्तर. पोचेवाचून एक जरी प्रत बाहेर गेली तर छापखान्याला टाळं, त्यामुळे छापखानेवाला सख्ख्या लेखकालाही हात लावू द्यायचा नाही.

लमीनला घाई होती. त्याची आई, लल्ला मन्नूबिया (वडीलधाऱ्या बाईला आम्ही ‘लल्ला’ म्हणतो), विसरत चालली होती. आधी किल्ल्या, मग शेजारणी, मग स्वतःची बहीण. शुक्रवारी मी त्यांच्याकडे कुसकुस खायला जायचे तेव्हा ती मला नावाने हाक मारायची आणि लमीनला विचारायची, “तू कुणाचा रे?” कादंबरी तिला अर्पण केलेली, पहिल्या पानावर तिचं नाव छापलेलं. टाईप केलेली पानं त्याने तिला दाखवली तर म्हणाली, “हा तुझा गृहपाठ. पुस्तकाला पुठ्ठा असतो.” पुठ्ठ्याचं पुस्तक हातात देईन, असा त्याने शब्द दिला होता. ते पहिल्या पानावरचं आपलं नाव तिला ओळखू येतंय तोवर द्यायचं होतं, एवढंच.

“पोच यायच्या आत आपण वाचून टाकू,” सी शाद्ली म्हणाले. “पुढचा शनिवार लमीनचा.”

कादंबरी काय लिहिली होती त्याने! एका गावाचा समुद्र रोज हातभर मागे सरतो. नगराध्यक्ष रात्री जाऊन किनाऱ्याची पाटी पुढे सरकवतो आणि सकाळी सांगतो, बघा, समुद्र आहे तिथेच आहे. गावकरी हळूहळू होड्या जळण म्हणून विकतात. एक म्हातारी तेवढी रोज बादली घेऊन चालत जाते, समुद्र असेल तिथपर्यंत. मी वाचताना दोनदा उठून पाणी प्यायले.

शनिवारी माझ्या अंगात आलं होतं. रेडिओ मोठा झाला आणि मी सुटले. “समुद्र म्हणजे जनतेचा आवाज, रोज हातभर मागे सरणारा! पाटी सरकवणारा कोण, ते सांगायला नको, वर बघा फोटोत. आणि गावकरी म्हणजे आपण, पाटी बघून होय म्हणणारे!”

लमीनचे कान पेटले. “नाही गं,” तो म्हणाला, “ते माझ्या आईचं आहे. समुद्र म्हणजे तिची... ती रोज थोडी लांब जाते. मी पाटी सरकवतो. मी सांगतो तिला, काही झालं नाही म्हणून.”

मग बेस्मा म्हणाली, “लेखकाला काय कळतंय?” आणि आम्ही हसलो. लमीनही हसला. त्याच्या चेहऱ्यावर खूश झाल्याचं दिसत होतं. आपल्याला दिसलं नाही तेही आपण लिहिलंय, याचं कुठल्या लेखकाला वाईट वाटतं?

ते दोघं गेल्यावर मी मागे राहिले, चहाचे पेले पुसायला. नेहमीच राहायचे. सी शाद्ली धुवायचे, मी पुसायचे. तेव्हा मी म्हटलं, “एक राहिलंच. ती शेवटची होडी गावकरी फोडून विकतात आणि वर टाळ्या वाजवतात ना, ती मतपेटी आहे. आपली नव्याण्णव टक्केवाली.” सी शाद्लींच्या हातून पेला निसटून मोरीत पडला. “बिंती, बिंती,” ते म्हणाले, “तुला भीती नाही वाटत?” मी म्हटलं, “तुमच्यासमोर कसली भीती?”

पोच आली नाही. उन्हाळा गेला, ऑलिव्ह झोडपायचे दिवस आले, तरी नाही. लमीन रजा टाकून तुनिसला जायचा आणि कचेरीच्या बाकावर बसून यायचा. मग एका शनिवारी तो आला तो उभाच राहिला. खुर्ची दिली तरी बसेना.

“काल कचेरीतला साहेब वैतागला माझ्यावर,” तो म्हणाला. “म्हणाला, आम्हाला बिनडोक समजतोस काय? समुद्र म्हणजे जनतेचा आवाज, रोज हातभर मागे सरणारा. पाटी सरकवणारा कोण, ते सांगू का?”

बेस्माचा हात बदामाच्या वडीवर तसाच राहिला. शब्द माझे होते, हातभर नि सगळे. लमीन माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याचे कान लाल नव्हते.

“आणि म्हणाला, ती होडी म्हणजे मतपेटी ना?”

“हे मी इथे बोललेच नव्हते!” मी ओरडले. “होडीचं मी फक्त सी शाद्लींना सांगितलं, तुम्ही गेल्यावर, पेले पुसताना!”

तोंडातून गेलं आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. माझी मान आपोआप त्यांच्याकडे वळली. सी शाद्लींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, फडक्याने पुसला, परत घातला.

“मला, बिंती?” ते म्हणाले. “कधी गं?”

इतक्या मायेने म्हणाले ना, की क्षणभर मीच आठवू लागले की खरंच कधी सांगितलं बरं.

“पण ते मतपेटीचं तुझंच ना, रादिया?” बेस्मा हळूच म्हणाली. “म्हणजे तू म्हणतेसच आहेस, की ते तुझं.”

“माझंच! पण मी—”

“लमीन, तिला टाकून बोलू नकोस,” सी शाद्ली मध्येच म्हणाले. “सरकारी नोकरी आहे तिची. कोणीतरी दम दिला असेल पोरीला. एकटी बाई, घाबरली असेल.”

“यंदा घराजवळची शाळा मिळाली हिला,” बेस्मा म्हणाली. माझ्याकडे न बघता, टेबलाला सांगावं तसं.

लमीन एवढंच म्हणाला, “माझी आई तुला नावाने हाक मारते गं.” आणि वाकून शटरखालून निघून गेला. मागोमाग बेस्मा. मी आरडाओरडा केला, शपथा घेतल्या, रडलेही असेन. सी शाद्लींनी मला पाण्याचा पेला दिला. मी तो भिंतीवर फेकला.

इथून पुढे मी त्याला अरे-तुरेच करणार. अहो म्हणायला जीभच उचलत नाही.

सोमवारी शाळा बुडवून त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिले. मग म्हटलं, “का?”

“हळू बोल, बाहेर ऐकू जातं,” तो म्हणाला. नाकारलंसुद्धा नाही. एकट्या माझ्यासमोर त्याला नाकारायची गरजच नव्हती. “मी वरच्या कचेरीचा वाचक आहे, बिंती. तुझ्या जन्माच्या आधीपासून. पुस्तकं मला तिथून येतात. मी वाचून मत कळवायचं, की ठीक आहे की नाही.”

“आणि भाचा?”

“मला भाचाच नाही.”

“म्हणजे आम्ही वाचत होतो ती सगळी...”

“मला एकट्याला काय कळतं गं? मी चष्मे विकणारा माणूस. एखाद्या पुस्तकात काही असलं आणि माझ्या लक्षात आलं नाही, तर माझी मान. म्हणून तुम्हाला द्यायचो. तुम्हाला काही सापडलं नाही की मी निर्धास्त कळवायचो, निरुपद्रवी. सापडलं की मग...”

त्या स्क्रूंच्या वर्णनाने भरलेल्या काचेच्या कपाटांची मला आठवण झाली. लोकांची आवड मेली नव्हती. जे जे आम्हाला आवडलं ते ते आम्हीच मारलं होतं, बदामाच्या वड्या खात.

“आणि मला दिलेली पहिली?” मी विचारलं. “दुसरीतली?”

“तू म्हणालीस, यातला राक्षस आमच्या मुख्याध्यापकांसारखा आहे. तेव्हाच ओळखलं, हिला दिसतं.”

“तीसुद्धा अडवली?”

“ती तशीही फार बरी नव्हती,” तो म्हणाला.

मला वाटलं होतं मी त्याचे डोळे ओरबाडेन. पण मी त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसले. मुसमुसत म्हणाले, “मी तुला बाप मानलं रे.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ‘तुला’ म्हटलं आणि त्याच्या ते लक्षात आलं. त्याने मान खाली घातली. आणि त्या खाली घातलेल्या मानेनेच पुढचं बोलला.

“लमीनचं पुस्तक सोडवता येईल. मी कळवतो, की आधीचं मत चुकीच्या माहितीवर होतं. गावातल्या एका बाईचा या लेखकावर राग आहे, तिने मुद्दाम नाही नाही ते अर्थ लावले. खरं तर ती एका आजारी आईची साधी गोष्ट आहे.”

“ती तीच आहे! लमीनने तुझ्या तोंडावर सांगितलं होतं!”

“हो. पण आता ते खरं वाटायला एक खोटं बोलणारी बाई लागेल. आणि तू गावभर माझं नाव घेत फिरलीस, तर माझंच मत कोण ग्राह्य धरणार? पोच आज दिली तरी उद्या परत घेता येते, तुला माहीत आहे.” मग अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाला, “लल्ला मन्नूबियाकडे फार दिवस नाहीत, बिंती. तूच ठरव.”

बघा कसा होता. माझी मान कापायची आणि सुरी धरायलाही मीच. मी त्याला शिव्या घातल्या, आमच्या शाळेच्या शिपायालाही येत नसतील अशा. आणि घरी जाऊन गप्प बसले. आजतागायत मला कळलेलं नाही की दुसरं काय करता आलं असतं.

पोच आली. सी शाद्लीने तुनिसला खेटे घालून सोडवून आणली, असं गावात झालं. त्याच्या दुकानात लमीन-बेस्माने मकरूद, आमची खजुराची मिठाई, वाटली, शटर पूर्ण वर करून. माझ्या शाळेत मी आत शिरले की शिक्षकांच्या खोलीतली बोलणी थांबायची. बेस्माने एकदा रस्त्यात गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं आणि परत जोरात पळवली.

मग एका शुक्रवारी मासळीबाजारात ती दोघं दिसली. लमीन ऑक्टोपस निवडत होता आणि लल्ला मन्नूबिया टोपली छातीशी धरून उभी होती. टोपलीत पुस्तक होतं. निळ्या पुठ्ठ्याचं. मी खांबामागे सरकणार होते, पण तिने बघितलंच.

“रादिया!” तिने केवढ्याने हाक मारली. “अगं, कुठे आहेस? शुक्रवारी ताट वाढून ठेवते मी तुझं. हे बघ, पुस्तक. माझं नाव आहे त्यात.” तिने पान उघडून नावावर बोट ठेवलं, बरोबर जागेवर.

“छान आहे, लल्ला,” मी म्हटलं. आनंद झाला होता मला, खोटं का सांगू.

लमीनने पुस्तक मिटून टोपलीत ठेवलं. “चल, आई.”

“अरे, ही रादिया—”

“आपण हिला ओळखत नाही,” तो म्हणाला आणि तिचा दंड धरून घेऊन गेला. ती मान वळवून बघत राहिली. मग विसरली असेल.

त्यानंतर ती गेली. सी शाद्लीही गेला, अंथरुणात, झोपेत, सगळ्या गावाचे दुवे घेऊन. लमीनने खांदा दिला. आणि मग एका जानेवारीत तो घरमालकही विमानात बसून पळून गेला. लोक रस्त्यावर नाचत होते, दुकानांतले फोटो फोडत होते. मी नाचले नाही. चपला घातल्या आणि तडक लमीनच्या दारात गेले. आता पोच नव्हती, कचेरी नव्हती, परत घ्यायला कोणी नव्हतं. दारातच, श्वास न घेता, सगळं सांगितलं. पेले, होडी, नसलेला भाचा, तो सौदा, सगळं.

त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर त्याने हात दाराच्या कडीवर ठेवला.

“रादिया, या आठवड्यात माझ्याकडे आलेली तू तिसरी,” तो म्हणाला. “पोस्टातला आला, चौकातला चहावाला आला. प्रत्येकाचं हेच, की मी नव्हतो, अमका होता. आणि तो अमका नेमका मेलेला असतो.”

“लमीन, मी तुझ्या आईसाठी गप्प बसले रे!”

“माझ्या आईचं नाव काढू नकोस,” तो म्हणाला, आणि अगदी सावकाश, आवाज न करता दार लावून घेतलं.